गुरूचा दिवस मोजणारा कॅसिनी

(पृथ्वीचा दिवस चोवीस तासांचा असतो हे आपल्याला माहीत आहे. पण दूरच्या ग्रहावरचा दिवस किती तासांचा असतो? तेथे कोणी गेलेले नसताना तो मोजायचा कसा? साडेतीनशेपेक्षा अधिक वर्षांपूर्वी एका खगोलशास्त्रज्ञाने हे काम करून दाखवले. प्रस्तुत पाठात त्याच्या जीवनाची व कार्याची ओळख करून दिली आहे.)

रात्रीच्या आकाशात कधी कधी एक मोठा, शांत व पिवळसर तेजाचा ग्रह दिसतो. तो ताऱ्यांसारखा लुकलुकत नाही. उर्दूत त्याला मुश्तरी म्हणतात. मराठीत त्याचे नाव गुरू. आपल्या सूर्यमालेतील हा सर्वांत मोठा ग्रह. त्याच्या पलीकडे शनी आहे. त्यालाच उर्दूत जुहल असे नाव आहे. हे दोन्ही ग्रह मुख्यतः वायूंचे बनलेले आहेत. त्यांच्यावर पाय ठेवायला घट्ट जमीन नाही. तेथे डोंगर नाहीत, समुद्रकिनारे नाहीत. मग एवढा प्रचंड वायूचा गोळा स्वतःभोवती एक फेरी किती वेळात पूर्ण करतो, हे पृथ्वीवरून कसे ओळखावे? हे कोडे ज्याने सोडवले त्याचे नाव जोव्हानी दोमेनिको कॅसिनी.

कॅसिनीचा जन्म ८ जून १६२५ रोजी पेरिनाल्दो या डोंगरावरच्या लहानशा गावी झाला. हे गाव आज इटली देशात आहे. त्या वेळी ते जेनोवाच्या राज्यात होते. त्याचे लहानपण आईच्या भावाकडे, म्हणजे मामाकडे गेले. पुढे जेनोवा शहरात पाद्र्यांच्या विद्यालयात त्याचे शिक्षण झाले. गणित, काव्य आणि आकाश या तिन्हींची त्याला गोडी लागली.

त्या काळी ग्रहताऱ्यांवरून माणसाचे भविष्य सांगण्याची विद्या फार मानली जात असे. तरुण कॅसिनीनेही तिचा अभ्यास केला. पण जसजसा तो अधिक वाचू लागला, तसतशी या विद्येला कोणताही आधार नाही अशी त्याची खात्री झाली. गंमत अशी, की याच विद्येतील त्याच्या नावलौकिकामुळे त्याला पहिले काम मिळाले. बोलोन्या शहराजवळ कोर्नेलिओ माल्वासिया नावाचा एक श्रीमंत सरदार राहत असे. त्याने स्वतःची वेधशाळा बांधली होती. त्याला भविष्याची आवड होती, म्हणून त्याने १६४८ मध्ये कॅसिनीला बोलावून घेतले. कॅसिनी तेथे गेला. भविष्य पाहण्यापेक्षा त्याने दुर्बिणीतून आकाश पाहण्यातच मन घातले. दोनच वर्षांनी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तो बोलोन्याच्या विद्यापीठात खगोलशास्त्राचा प्राध्यापक झाला.

बोलोन्या शहरात सान पेत्रोनिओ नावाचे एक भव्य चर्च आहे. त्याच्या फरशीवर एक जुनी रेषा होती. छताजवळच्या छिद्रातून सूर्याचा कवडसा आत येई आणि भर दुपारी या रेषेवर पडे. त्यावरून वर्षाचे दिवस व सणांच्या तारखा ठरवता येत. चर्च वाढवताना ज्या भिंतीत हे छिद्र होते ती भिंत पाडावी लागली आणि रेषा निरुपयोगी झाली. कॅसिनीने नवी व पूर्वीपेक्षा लांब रेषा आखण्याचे ठरवले. आतील दगडी खांब मध्ये येतील, हे काम होणार नाही, असे अनेकांना वाटत होते. पण त्याने नेमके मोजमाप केले. १६५५ साली सुमारे ६७ मीटर लांबीची रेषा खांबांच्या मधून बरोबर निघाली. छिद्र जमिनीपासून सुमारे २७ मीटर उंचीवर होते.

उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा कवडसा छिद्राच्या बाजूला, जवळ पडे. हिवाळ्यात तो दूरच्या टोकाला जाई. कॅसिनीने या कवडशाचा आकार वर्षभर मोजला. सूर्य दूर असतो तेव्हा त्याचे बिंब लहान दिसते व त्याची चालही मंद असते, हे त्यातून स्पष्ट झाले. केप्लर या शास्त्रज्ञाने पूर्वी हेच सांगितले होते. अशा प्रकारे फरशीवरच्या उन्हाच्या एका ठिपक्याने मोठ्या नियमाची साक्ष दिली. ही रेषा आजही त्या चर्चमध्ये पाहायला मिळते.

कॅसिनी केवळ आकाशातच रमणारा नव्हता. पो नदीच्या पुरामुळे बोलोन्या व फेरारा या शहरांत वाद होत. तो मिटवण्याच्या कामी त्याची मदत घेतली गेली. किल्ल्यांच्या तटबंदीची देखरेखही त्याच्याकडे होती. दिवसा ही कामे आणि रात्री दुर्बीण, असा त्याचा क्रम होता.

१६६४ च्या सुमारास त्याला रोममधील जुझेप्पे कांपानी या कारागिराने तयार केलेल्या उत्तम दुर्बिणी वापरायला मिळाल्या. कांपानीची भिंगे त्या काळी सर्वांत चांगली समजली जात. त्यातून गुरू पाहताना कॅसिनीला ग्रहावर आडवे पट्टे दिसले. काही काळे ठिपकेही दिसले. ते ठिपके सरकत होते. पण सगळे सारख्या रीतीने सरकत नव्हते.

कॅसिनीने बारकाईने पाहिले तेव्हा उलगडा झाला. काही ठिपके म्हणजे गुरूच्या चंद्रांच्या सावल्या होत्या. गुरूचा चंद्र सूर्य आणि गुरू यांच्या मधे आला, की त्याची सावली ग्रहावर पडते. सावली पडते त्या जागी तेवढा वेळ सूर्यग्रहणच असते! या सावल्या चंद्रांबरोबर पुढे जात. दुसरे ठिपके मात्र ग्रहाचेच होते. ते एका कडेला उगवत, मध्यभागी येत आणि दुसऱ्या कडेला मावळत. काही तासांनी तेच पुन्हा दिसत. म्हणजे गुरू स्वतःभोवती फिरत होता.

आता वेळ मोजायची होती. पण त्यात एक अडचण होती. ठिपका ग्रहाच्या अगदी मध्यावर केव्हा आला, हे डोळ्यांनी ठरवताना चार-पाच मिनिटांची चूक सहज होते. यावर उपाय सोपा आहे. एकच फेरी न मोजता अनेक फेऱ्या मोजाव्यात आणि लागलेल्या वेळाला फेऱ्यांच्या संख्येने भागावे. समजा, आज रात्री नऊ वाजता ठिपका मध्यावर आहे. पाच फेऱ्या झाल्यावर तो परवा रात्री दहा वाजून चाळीस मिनिटांनी पुन्हा मध्यावर येईल. अशा शंभर फेऱ्यांचा हिशोब केला, तर पाच मिनिटांची चूक शंभर ठिकाणी वाटली जाते आणि एका फेरीच्या वाट्याला केवळ तीन सेकंद येतात. यासाठी हवा असतो धीर. ढगाळ रात्री वाया जातात, थंडीने बोटे गारठतात, तरी नोंदवही बंद करता येत नाही.

१६६५ साली कॅसिनीने आपले उत्तर जाहीर केले. गुरू ९ तास ५६ मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करतो. पृथ्वीहून अकरा पट रुंद असा हा ग्रह दहा तासांच्या आत गिरकी घेतो, हे ऐकून विद्वान चकित झाले. आजची अत्यंत अचूक साधने हा वेळ ९ तास ५५ मिनिटे ३० सेकंद सांगतात. म्हणजे कॅसिनीची चूक एका मिनिटाचीही नव्हती! पुढच्याच वर्षी त्याने मंगळाचाही दिवस मोजला. तो २४ तास ४० मिनिटांचा निघाला. हे उत्तरही जवळजवळ बरोबर होते.

मुलांनो, गुरूवरचा दिवस कसा असेल याची आता कल्पना करू या. तेथे सूर्य उगवल्यावर सुमारे पाच तासांतच मावळतो. मग पाच तासांची रात्र. गुरूचा आस फारच थोडा, केवळ तीन अंशांनी कललेला आहे. त्यामुळे तेथे उन्हाळा-हिवाळा असा फरक जवळजवळ नाही, आणि दिवस-रात्र वर्षभर सारखीच असतात. पण ते वर्ष पृथ्वीवरच्या सुमारे बारा वर्षांएवढे आहे. त्यात गुरूचे दहा हजारांहून अधिक दिवस मावतात. गुरू सूर्यापासून पृथ्वीच्या पाचपटींहून अधिक दूर आहे. म्हणून तेथून सूर्याचे बिंब आपल्याला दिसते त्याच्या पाचव्या भागाएवढेच रुंद दिसेल आणि ऊन आपल्या उन्हाच्या सत्ताविसाव्या हिश्श्याएवढे पडेल. तरीही तो अंधार नव्हे. आपल्याकडच्या ढगाळ दिवसाइतका उजेड तेथे असतो.

गुरूच्या चंद्रांना वारंवार ग्रहण लागते. ते गुरूच्या सावलीत शिरतात आणि दिसेनासे होतात. ही ग्रहणे केव्हा होतील याची कोष्टके कॅसिनीने १६६८ साली प्रसिद्ध केली. ही कोष्टके फार उपयोगी ठरली. कारण हे ग्रहण जणू आकाशातले घड्याळच होते. दोन गावांतील निरीक्षकांनी एकच ग्रहण पाहिले आणि आपापल्या गावची सूर्याची वेळ लिहून ठेवली, तर त्या वेळांतील फरकावरून गावांमधील पूर्व-पश्चिम अंतर काढता येते. एक तासाचा फरक म्हणजे पंधरा रेखांश.

ही कीर्ती फ्रान्सपर्यंत पोचली. तेथील राजा चौदावा लुई व त्याचा मंत्री कोल्बेर पॅरिसमध्ये मोठी वेधशाळा बांधत होते. त्यांनी कॅसिनीला बोलावले. एप्रिल १६६९ मध्ये तो पॅरिसला आला. थोड्या काळासाठी म्हणून आलेला हा पाहुणा पुढे तेथलाच झाला. १६७३ मध्ये तो फ्रान्सचा नागरिक बनला, पुढच्या वर्षी त्याने तेथे विवाह केला आणि शेवटपर्यंत त्याने पॅरिसच्या वेधशाळेत काम केले.

येथे त्याने शनीकडे दुर्बीण वळवली. १६७१ मध्ये त्याला शनीचा एक नवा चंद्र सापडला. त्याचे नाव आयपिटस. हा चंद्र मोठा विचित्र होता. शनीच्या पश्चिमेला असताना तो दिसे, पण पूर्वेला गेला की नाहीसा होई. कॅसिनीने विचार केला, की या चंद्राची एक बाजू उजळ व दुसरी काळी असावी. काळ्या बाजूवरून सूर्याचा प्रकाश फारच थोडा परत येतो, म्हणून तो दिसत नाही. हा तर्क पुढे खरा ठरला. १६७२ मध्ये त्याने रिया हा चंद्र शोधला आणि १६८४ मध्ये टेथिस व डायोनी हे आणखी दोन. १६७५ मध्ये शनीच्या कड्यात त्याला एक काळी फट दिसली. तिला आज कॅसिनीची फट असेच म्हणतात.

सूर्य आपल्यापासून किती दूर आहे? हा प्रश्नही त्याने हाती घेतला. १६७२ मध्ये मंगळ पृथ्वीच्या जवळ आला होता. कॅसिनीने आपला सहकारी ज्याँ रिशे याला समुद्रापार दक्षिण अमेरिकेतील केयेन येथे पाठवले. एकाच काळात रिशेने तेथून आणि कॅसिनीने पॅरिसहून मंगळ पाहिला. दोन ठिकाणांहून मंगळाची जागा किंचित वेगळी दिसली. त्या फरकावरून मंगळाचे आणि मग सूर्याचे अंतर काढण्यात आले. ते सुमारे १४ कोटी किलोमीटर निघाले. खरे अंतर सुमारे १५ कोटी किलोमीटर आहे. त्यापूर्वी बहुतेकांना हे अंतर फारच कमी वाटत असे. सूर्यमाला किती विशाल आहे, हे जगाला प्रथमच कळले.

मोठी माणसेही चुकतात. कॅसिनीही चुकला. गुरूच्या चंद्रांची ग्रहणे कधी कधी ठरलेल्या वेळेपेक्षा उशिरा दिसत. पृथ्वी गुरूपासून दूर जात असली की हा उशीर वाढे. प्रकाशाला एवढे अंतर कापायला वेळ लागत असेल, हा विचार कॅसिनीच्या मनात आला होता. त्याने तो विद्वानांच्या सभेत मांडलाही. पण इतर चंद्रांच्या वेळा या विचाराशी जुळत नाहीत असे वाटल्यामुळे त्याने तो सोडून दिला. वेधशाळेतील त्याचा तरुण सहकारी ओले रोमर याने मात्र तो सोडला नाही. नोव्हेंबर १६७६ मधील एक ग्रहण दहा मिनिटे उशिरा दिसेल असे रोमरने आधीच सांगितले, आणि तसेच घडले. तरीही कॅसिनीला ते पटले नाही. पुढे १७२८ मध्ये ब्रॅडली या शास्त्रज्ञाने वेगळ्या रीतीने प्रकाशाचा वेग काढला आणि रोमरचे म्हणणे बरोबर ठरले. ज्याची कोष्टके वापरून हा शोध लागला, त्यानेच तो नाकारला होता! सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर यायला सुमारे आठ मिनिटे लागतात आणि गुरूवर पोचायला सुमारे त्रेचाळीस, हे आता आपल्याला ठाऊक आहे.

आपल्या भूमीशीही कॅसिनीचे एक नाते आहे. १६८८ मध्ये फ्रान्सचा एक वकील सयाम, म्हणजे आजच्या थायलंड देशातून, पंचांगाच्या गणिताचे एक हस्तलिखित घेऊन आला. त्यात फक्त आकडे व नियम होते, त्यांची कारणे दिलेली नव्हती. कॅसिनीने त्या आकड्यांवरून मागचे गणित उलगडले. या गणिताचे मूळ भारतीय ज्योतिर्गणितात होते. हजारो कोस दूरच्या लोकांनी सूर्य व चंद्र यांच्या गती किती काळजीपूर्वक मोजल्या होत्या, हे त्यामुळे युरोपातील विद्वानांना समजले.

फ्रान्सचा नवा नकाशा तयार करतानाही त्याच्या कोष्टकांचा उपयोग झाला. आकाशातील घड्याळावरून मोजणी केली तेव्हा फ्रान्सचा पश्चिम किनारा जुन्या नकाशापेक्षा बराच आत आहे असे दिसले. देश कागदावर लहान झाला. शत्रूने घेतला नाही एवढा मुलूख शास्त्रज्ञांनी घेतला, अशी थट्टा राजाने केल्याचे सांगतात. पण शास्त्रज्ञ राजाला खूश करण्यासाठी आकडे बदलत नाहीत.

वय वाढले तरी कॅसिनी गुरूला विसरला नाही. गुरूच्या मध्यभागावरचे ठिपके इतर ठिकाणच्या ठिपक्यांपेक्षा लवकर फेरी पुरी करतात, हे त्याने नंतर पाहिले. घट्ट गोळ्याचे असे होत नाही. वायूच्या गोळ्याचे होते. गुरू दोन्ही टोकांशी किंचित चपटा आहे हेही त्याच्या लक्षात आले. इतक्या वेगाने फिरणारा गोळा मध्यभागी फुगणारच.

आयुष्यभर ज्या डोळ्यांनी त्याने दूरचे उजेड टिपले, त्या डोळ्यांनी म्हातारपणी त्याची साथ सोडली. शेवटची वर्षे तो आंधळा होता. दुसऱ्या ग्रहांचा दिवस मोजणाऱ्याला स्वतःचा दिवस आणि रात्र सारखीच झाली. वेधशाळेचे काम आता त्याचा मुलगा झाक पाहत होता. १४ सप्टेंबर १७१२ रोजी, सत्त्याऐंशीव्या वर्षी, कॅसिनीने पॅरिसमध्ये देह ठेवला. त्याच्यानंतर मुलगा, नातू आणि पणतू यांनी ते काम चालवले. चार पिढ्या एकाच वेधशाळेत आकाश पाहत राहिल्या.

कॅसिनीला शनीचा दिवस मात्र मोजता आला नव्हता. शनीवर स्पष्ट ठिपके क्वचितच दिसतात. पुढे विल्यम हर्शेलने तो सुमारे सव्वादहा तासांचा काढला, पण पक्के उत्तर मिळेना. १५ ऑक्टोबर १९९७ रोजी शनीकडे एक यान निघाले. त्याला नाव दिले कॅसिनी. शनीवर ऊन आपल्या उन्हाच्या सुमारे नव्वदाव्या हिश्श्याएवढेच असते. तेवढ्या उन्हावर यान चालणे कठीण, म्हणून त्यात अणूच्या उष्णतेवर चालणारे विद्युतयंत्र बसवले होते. २००४ ते २०१७ अशी तेरा वर्षे हे यान शनीभोवती फिरले. त्याने शनीच्या कड्यांतील बारीक लाटा टिपल्या. त्या लाटांवरून २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी शनीचा दिवस सांगितला : १० तास ३३ मिनिटे ३८ सेकंद. कॅसिनी या माणसाने गुरूचा दिवस मोजला होता. कॅसिनी या यानाने शनीचा दिवस मोजायला मदत केली.

पुढच्या वेळी रात्री गुरू दिसला, की क्षणभर थांबून त्याच्याकडे पाहा. आपण झोपून उठेपर्यंत तेथे जवळजवळ एक पूर्ण दिवस संपलेला असेल. हे आपल्याला कळले ते एका माणसाच्या धीरामुळे. त्याच्याजवळ होती एक दुर्बीण, एक घड्याळ, एक नोंदवही आणि उत्तर सापडेपर्यंत न थकणारे मन.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कॅसिनीचा जन्म कोठे झाला?
(आ) गुरू ग्रहाला उर्दूत काय म्हणतात?
(इ) कॅसिनीने शोधलेल्या शनीच्या चार चंद्रांची नावे लिहा.

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) गुरूवरील दोन प्रकारचे ठिपके कॅसिनीने कसे ओळखले?
(आ) कॅसिनीची कोणती चूक झाली? ती कशी लक्षात आली?

३. कारण सांगा.
(अ) गुरूवर उन्हाळा व हिवाळा यांत फारसा फरक नसतो.
(आ) आयपिटस हा चंद्र शनीच्या पूर्वेला असताना दिसत नसे.

४. गुरूचा दिवस ९ तास ५६ मिनिटांचा धरून बारा फेऱ्यांना किती वेळ लागेल ते काढा. आज रात्री नऊ वाजता मध्यावर असलेला ठिपका पाचव्या रात्री किती वाजता पुन्हा मध्यावर दिसेल?